शिंगवाल्या सशाची व्हिस्की: पार्क सिटी, युटा

सॉल्ट लेक सिटीहून आय-८० महामार्गाने वर चढत गेलं की पाऊण तासात पार्क सिटी लागतं. डोंगर देखणे, बर्फ उत्तम. मेन स्ट्रीटवरची गर्दी आणि दुकानांतले भाव मात्र मला झेपत नाहीत. लिहायचंय ते हाय वेस्ट या व्हिस्की कंपनीच्या सलूनबद्दल, म्हणजे बारबद्दल, खरं तर तिथे ग्लासात आलेल्या ‘बूराय’बद्दल. बूराय म्हणजे बर्बन आणि राय या दोन अमेरिकन व्हिस्कींचं मिश्रण.

सलूनची इमारत पूर्वी घोड्यांचा तबेला होती, पुढे गॅरेज झाली. आता स्की करणारे उतारावरून थेट दारापाशी येतात. ही कंपनी डेव्हिड पर्किन्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने सुरू केली. बूरायच्या बाटलीवर ‘जॅकलोप’ असतो, म्हणजे शिंगं असलेला ससा. आपल्याकडे सशाचं शिंग ही अशक्य गोष्टीची खूण. इथे तो संकराची खूण आहे आणि चपखल बसतो. अमेरिकन कायद्याने बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय हे धान्य. दोन्ही नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपांत मुरतात. पण एकत्र केल्या की दोन्ही नावं जातात आणि लेबलवर फक्त ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट व्हिस्कीज’ उरतं.

असं मिश्रण एकटं चाखून जोखता येत नाही. म्हणून मी तीन छोटे नमुने मागवले: अमेरिकन प्रेअरी बर्बन, डबल राय आणि बूराय. तिन्ही ४६ टक्क्यांच्या, त्यामुळे मद्यार्काच्या जोराने फसगत होत नाही. बूरायमध्ये नेमक्या याच दोन व्हिस्की नाहीत, तिच्यातल्या बऱ्याच जुन्या असतात. तरी दोन टोकं जिभेवर पक्की होतात. क्रम बर्बन, बूराय, राय असाच ठेवावा. राय आधी घेतली तर तिचा पुदिना-मिरीचा झणका जिभेवर राहतो आणि पुढचं सगळं गुळमट लागतं.

पार्क सिटी सुमारे ७,००० फुटांवर आहे. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे मद्यार्क पटकन उडतो आणि नाकात चढतो. आधी पेलाभर पाणी प्यावं, ग्लास हनुवटीपाशी धरावा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. युटात रेस्टॉरंटमध्ये दारूबरोबर खाणं मागवावंच लागतं. ते येऊ द्यावं, पण चाखून होईपर्यंत तळण आणि तिखट बाजूला ठेवावं.

बूराय पहिल्या वासाला बर्बनच वाटली: व्हॅनिला, साखरेचा पाक, थोडं खोबरं. जाळलेल्या ओकमधल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन बनतं. खोबऱ्याचा वासही ओकचाच. राय घोट घेतल्यावर, जिभेच्या मध्यावर येते. परीक्षा इथेच असते. वाईट मिश्रणात सांधा कळतो: आधी गोड, मग मधे पोकळी, मग अचानक तिखट. इथे गोडवा ओसरायच्या आतच लवंग आणि दालचिनी सुरू झाली. मला ती सलग लागली, आणि या बाटलीचं खरं कसब मी यालाच म्हणेन.

शेवट मात्र कोरडा. पिंपात बरीच वर्षं मुरल्याने उतरलेलं ओकचं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, हिरड्यांना धरतं. पाणी घालायचं तर १५ मिलीला १ मिली, म्हणजे साधारण २० थेंब. त्याने ४६ टक्क्यांचे ४३ होतात आणि फळांचा वास मोकळा होतो. चहाचा चमचाभर, ५ मिली, ओतलं तर ३४-३५ टक्क्यांवर येऊन गोडवा पातळ होतो आणि लाकडाची कडूशार चव तेवढी पुढे येते. बर्फ तर नकोच. गावातल्या दुसऱ्या एका बारमध्ये न विचारता काठोकाठ बर्फ घालून बूरायचा ग्लास समोर आला. गार व्हिस्कीचा वास दबतो, टॅनिन मात्र तसंच राहतं. इतक्या जुन्या मालाची ही नासाडी पाहून मला खरोखर चीड आली.

घरी असं मिश्रण करायचं असेल तर ३० मिली बर्बनला १० मिली राय इथून सुरुवात करावी. रायमध्ये ९५ टक्के राय असेल तर ५ मिलीच घ्यावी. तिचा शेपूसारखा हिरवा वास थोड्यातही सगळ्यावर चढतो. दोन्हींचे टक्के आधी जुळवावेत, नाहीतर जास्त कडक असलेलीच बोलते. गळ्यापर्यंत भरलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत दिवसभर ठेवून मगच चव ठरवावी.

बूराय मर्यादित प्रमाणात निघते आणि दर खेपेचं मिश्रण वेगळं असतं, तेव्हा तिथे चाखून आवडली तर त्याच खेपेची घ्यावी. युटातली सरकारी दारूची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारीच.