केबिन वाचवायची तर आधी लॉकिंग वाचवा

रेल्वेची जुनी केबिन, म्हणजे सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ) जिथून लीव्हरने हलवतात ती इमारत, बंद होणार अशी बातमी आली की सगळे इमारतीबद्दल बोलू लागतात. पाडणार की ठेवणार, रंग कोण देणार, खिडक्यांच्या काचांचं काय. इमारत राहावी हे बरोबरच आहे, पण केबिनचं खरं काम माणसांच्या डोळ्यांसमोर होत नाही. वरच्या मजल्यावर चकचकीत लीव्हर दिसतात. ज्या लोखंडामुळे चुकीचा लीव्हर हलतच नाही, ते मजल्याखाली किंवा फ्रेमच्या (लीव्हर बसवलेल्या लोखंडी चौकटीच्या) मागच्या बाजूला, तेल आणि धुळीने काळं झालेलं असतं. या लोखंडालाच लॉकिंग म्हणतात. ते भंगारात गेलं की मागे उरते ती छान दुमजली खोली.

अमेरिकेत या केबिनना टॉवर म्हणतात आणि तिथले बहुतेक टॉवर आता बंद झाले आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाचा आल्टो टॉवर जून २०१२ मध्ये बंद झाला. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलने २०११ मध्ये जवळजवळ सगळ्या सिग्नल बॉक्सचं (केबिनचं तिथलं नाव) काम मोजक्या मोठ्या नियंत्रण केंद्रांकडे नेण्याची योजना मांडली, आणि २०१३ मध्ये त्यांतल्या २६ बॉक्सना वारसा-इमारतीचं संरक्षण मिळालं. कारण सगळीकडे सारखंच आहे. शेकडो किलोमीटर लांब बसलेला एक माणूस पडद्यावर मार्ग लावू शकत असेल, तर प्रत्येक जंक्शनवर तीन पाळ्यांची माणसं ठेवायला कुठलीही रेल्वे तयार होत नाही. श्रूजबरीचा सेव्हर्न ब्रिज जंक्शन हा १९०३ चा, १८० लीव्हरचा बॉक्स अजून हाताने चालतो, पण तो अपवाद आहे.

आता लॉकिंग जवळून पाहू. सगळ्यात सोपा प्रकार टॅपेटचा. प्रत्येक लीव्हरला एक लोखंडी पट्टी जोडलेली असते, ती टॅपेट. लीव्हर ओढला की पट्टी सरकते. पट्टीच्या कडेला तिरप्या बाजूंच्या खाचा कापलेल्या असतात, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवा सरकणारा लोखंडी तुकडा असतो, तो डॉग. समजा २ नंबरचा लीव्हर होम सिग्नलचा, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलचा, आहे आणि ५ नंबरचा सांध्याचा. सांधा सरळ असेल तेव्हाच सिग्नल पडला, म्हणजे गाडीला मोकळा झाला, पाहिजे. दोन्ही लीव्हर नॉर्मल (न ओढलेले) असताना दोन्ही पट्ट्यांच्या खाचा डॉगसमोर येतात. डॉगची लांबी दोन पट्ट्यांमधलं अंतर अधिक एका खाचेची खोली एवढी असते, म्हणजे त्याला कुठल्या तरी एका खाचेत शिरावंच लागतं. ५ ओढला की त्याच्या खाचेची तिरपी बाजू डॉगला ढकलून २ च्या खाचेत बसवते. मग ५ ची सरळ कड डॉगच्या मागे येऊन उभी राहते. डॉगला परत फिरायला जागा नाही, त्यामुळे २ हलत नाही. आधी २ ओढला तर हेच उलट घडतं आणि ५ अडकतो. इथे वीज लागत नाही आणि माणसाच्या लक्षात राहण्यावरही काही अवलंबून नाही.

ब्रिटिश अभियंता जॉन सॅक्सबीचं सांधे आणि सिग्नल एकत्र बांधण्याचं पेटंट १८५६ चं आहे. अमेरिकेत पुढे सॅक्सबी अँड फार्मर घराण्याचीच यंत्रं सर्वत्र पसरली. त्यांतली एक गोष्ट मला फार आवडते. लॉकिंग लीव्हरच्या दांड्याने हलत नाही, मुठीजवळच्या खिट्टीने हलतं. माणसाने नुसती खिट्टी दाबली की विरोधातले लीव्हर आधी अडकतात, आणि ओढलेला लीव्हर पूर्ण टोकाला जाऊन खिट्टी बसली की मगच पुढचे लीव्हर मोकळे होतात. यामुळे दांड्यावर अंगाची सगळी ताकद लावली तरी तो जोर डॉगवर येत नाही, आणि लॉकिंगची झीज कमी होते.

झीज मात्र होतेच. डॉगचं नाक आणि खाचेची कड गुळगुळीत झाली की अडकलेला लीव्हर थोडा पुढे येतो. जतन करताना अशा ठिकाणी वेल्डिंगने भर घालून नवं नाक घासण्याचा मोह होतो. तसं करण्याआधी मूळ माप घ्या, फोटो घ्या, आणि जमल्यास मूळ डॉग तसाच ठेवून नवा बनवा. झीज हीसुद्धा नोंद आहे. कुठला मार्ग रोज किती वापरला जायचा ते तिच्यावरून कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम केबिन चालू असतानाच करायचं असतं. लॉकिंग टेबल (कुठला लीव्हर कुठल्याला अडवतो त्याचा तक्ता), डॉग चार्ट (डॉग कुठे बसवलेत त्याचं चित्र) आणि यार्डाचा सिग्नलिंग आराखडा या तीन कागदांच्या प्रती आधी मिळवा. त्यांच्याशिवाय फ्रेम सोडवली तर पुन्हा जोडताना अंदाजाने चालावं लागतं. कागद आणि लोखंड यांत फरक असतो हेही गृहीत धरा. यार्डात एखादी साइडिंग उखडली की लॉकिंगमधून डॉग काढला जातो, लीव्हरला पांढरा रंग देऊन तो रिकामा ठरतो, आणि कागदावरची दुरुस्ती वर्षानुवर्षं मागे राहते. यासाठी प्रत्यक्ष तपासणी लागते. एक लीव्हर ओढायचा, मग बाकीचे सगळे एकेक करून हलवून बघायचे आणि तक्त्यात लिहायचं. ४० लीव्हरच्या फ्रेममध्ये ७८० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी तपासली तर १५६० वेळा हात लावावा लागतो. शिवाय अटींचं लॉकिंग वेगळं: ७ उलटा (ओढलेला) असेल तरच ३ ने ११ ला अडकवायचं, अशा प्रकारचं. ते नुसत्या जोड्यांत सापडत नाही, टेबल हातात घेऊनच शोधावं लागतं. चालू यार्डात हे करायला ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवणं, लागतो. तो मिळणार नसेल, तर शेवटची गाडी गेल्यावर आणि बाहेरच्या सिग्नल-सांध्यांपर्यंत जाणारे तारा-दांडे सोडवण्याआधी एक दिवस मागून घ्यावा.

लॉकिंग सोडवताना प्रत्येक टॅपेट आणि डॉगवर नंबर ठोकायचा, खडूने लिहायचा नाही. लॉकिंगचा ट्रे (टॅपेट आणि डॉग ज्यात बसतात तो) उघडला की वरून सरळ फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. बिडाच्या भागांवर हातोडा चालवू नका आणि ते एका जागी तापवू नका, बीड तडकतं. झिरपणारं तेल घालून दोन दिवस थांबलेलं बरं. पुन्हा जोडताना जाड ग्रीस नको. ते धूळ धरून घट्ट होतं, आणि डॉग खाचेत पूर्ण बसत नाही. पातळ तेल, तेही थोडं.

जुन्या टॉवरमध्ये शिशाचा रंग, गरम पाण्याच्या पाइपांवरचं आणि पत्र्यांतलं अस्बेस्टोस, फुटलेल्या बॅटऱ्यांचं आम्ल आणि कबुतरांची विष्ठा हे सगळं असतं. झाडू मारण्याआधी तपासणी करून घ्यावी. कोरडा झाडू तर मारूच नये.

विजेवर आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या टॉवरचं काम आणखी नाजूक. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा हॅरिस टॉवर याचं उत्तम उदाहरण आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने तो १९३० च्या आसपास बांधला. आत युनियन स्विच अँड सिग्नलचं मॉडेल १४ यंत्र, शंभराहून जास्त छोटे लीव्हर. टॉवर १९९१ मध्ये बंद झाला आणि तिथल्या रेल्वे इतिहास मंडळाने तो यंत्रासकट सांभाळला. या यंत्रात सांध्याचा लीव्हर एका झटक्यात पूर्ण जात नाही. तो जवळजवळ टोकाशी जाऊन थांबतो. बाहेर दाबाच्या हवेने सांधा हलतो, बसतो, कुलूप लागतं, आणि तशी खूण तारेवरून परत आली की लीव्हरवरचं विद्युत-कुलूप उचललं जातं. तेव्हा कुठे उरलेली थोडी चाल पूर्ण होते, आणि तोवर सिग्नलचा लीव्हर मोकळा होत नाही. सांधा हलला असेल असं मानून पुढे जायची सोय यंत्राने माणसाला ठेवलेलीच नाही.

टॉवर बंद झाला की बाहेर सांधा नसतो. मग खूण येत नाही आणि सांध्याचा प्रत्येक लीव्हर टोकाआधीच अडकतो. अशा वेळी अनेक ठिकाणी विद्युत-कुलपाखाली लाकडी पाचर मारून लीव्हर मोकळे करतात. हे कृपा करून करू नका. पाहुण्याला लीव्हर इकडून तिकडे हलताना दिसतो आणि यंत्र काय करत होतं ते कळतच नाही. हॅरिसमध्ये यंत्र संगणकाला जोडलं आहे. संगणक काल्पनिक गाड्या चालवतो, लीव्हरला बाहेरच्या सांध्यासारखं उत्तर देतो, आणि वरच्या मोठ्या फलकावर दिवे लागतात. संगणक परवडत नसेल तर दोन-तीन सेकंद उशीर करणारा साधा रिलेही (विजेने चालू-बंद होणारा स्विच) खूण परत पाठवू शकतो. त्याआधी प्रत्येक कॉइलचा रोध आणि तारांचं इन्सुलेशन मोजायचं. कापडी वेष्टणाच्या तारा नव्वद वर्षांनी हात लावताच सुटतात.

या तारांसाठी रेल्वेला एकच विनंती करायची: केबल तोडायच्याच असतील तर इमारतीबाहेर तोडा, आतल्या टर्मिनल बोर्डापाशी नको. आत तोडल्या की लेबलं जातात, आणि कुठली तार कुठे जायची ते शोधण्यात महिने निघून जातात. प्लग-इन रिले दुसऱ्या स्टेशनवर चालतात, त्यामुळे ते रेल्वे घेऊन जाणार. तो तिचा हक्क आहे. निदान रॅकचा फोटो आणि रिलेची यादी आपल्याकडे असावी.

हाताच्या फ्रेमची अडचण वेगळी. लीव्हरला बाहेर सांध्यापर्यंत जाणाऱ्या, दोनशे मीटरपर्यंतच्या दांड्याचं ओझं असतं. ते काढलं की लीव्हर हलका होतो, पाहुणे तो दाणकन आपटतात, आणि खिट्टी किंवा तिचा खाचपट्टा तुटतो. तळाशी वजन किंवा स्प्रिंग लावावी लागते. त्याहून चांगलं म्हणजे बाहेर एक तरी सांधा कुलपासकट, दांडे, बेलक्रँक (दांड्याची दिशा वळवणारा कोपरा) आणि कॉम्पेन्सेटर ठेवणं. कॉम्पेन्सेटर का लागतो याचा हिशेब लहान आहे: दोनशे मीटर पोलादी दांडा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ९४ मिलिमीटर लांब-आखूड होतो. आपल्याकडे सांध्याची पात आणि रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची पट्टी घातली तरी कुलूप बसता कामा नये, अशी चाचणी असते. दांड्याच्या मधोमध कॉम्पेन्सेटर बसवला की एक अर्धा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि वाढ तिथल्या तिथे जिरते.

जागेचा निर्णय लवकर घ्यावा. इंग्लंडमधला सेंट ऑल्बन्स साउथ हा १८९२ चा, ४४ लीव्हरचा बॉक्स १९७९ मध्ये बंद झाला आणि जागेवरच जतन झाला. एक्सेटर वेस्ट १९८५ मध्ये बंद झाल्यावर उचलून क्रूला नेला गेला आणि तिथे त्याच्या १३१ लीव्हरची फ्रेम प्रात्यक्षिकासाठी चालवतात. जागेवर ठेवायचं तर चालू रूळ न ओलांडता आत जाता आलं पाहिजे. तशी वाट निघत नसेल तर रेल्वे कधीच परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. हलवायचं तर लाकडी वरचा मजला उचलून नेता येतो, विटांचा खालचा नेता येत नाही, तो नव्याने बांधावा लागतो.

महाराष्ट्रातही यार्डाच्या दोन टोकांना दोन केबिन ही जुनी रचना होती. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (लॉकिंगचंच काम करणारी संगणकी यंत्रणा) आलं की आधी वर्तमानपत्रात नॉन-इंटरलॉकिंग ब्लॉकची, म्हणजे लॉकिंग बंद ठेवून काम करण्याच्या दिवसांची, बातमी येते. त्या दिवसांत सांधे क्लॅम्प आणि कुलूप लावून, हातसिग्नलवर गाड्या काढतात. नवी यंत्रणा सुरू झाली की जुनी फ्रेम भंगाराच्या यादीत चढते आणि वजनावर लिलावात जाते. त्यामुळे जतनाचं पत्र विभागाच्या सिग्नल व दूरसंचार अभियंत्याकडे ब्लॉकची तारीख जाहीर होण्याआधी पोहोचलं पाहिजे. त्यात मोघम ‘केबिन जतन करावी’ असं न लिहिता नेमकं मागावं: लॉकिंग ट्रेसह संपूर्ण फ्रेम, स्टेशन मास्तरच्या खोलीतलं स्लाइड यंत्र (ज्याने तो केबिनच्या लीव्हरवर ताबा ठेवतो), असल्यास टोकनचं ब्लॉक यंत्र (ज्याने पुढच्या स्टेशनपर्यंत गाडी सोडायची परवानगी मिळते), आणि लॉकिंग टेबल, डॉग चार्ट व त्या स्टेशनच्या कार्यनियमांची एकेक प्रत. फ्रेम पूर्ण मिळणार नसेल तर शेजारशेजारचे सहा-आठ लीव्हर त्यांच्या लॉकिंगसकट मागावेत. त्यांत निदान एक सांधा, त्याचं कुलूप आणि त्यावरून जाणारा एक सिग्नल यावा, म्हणजे एवढ्या तुकड्यावरही पूर्ण मार्ग लावून दाखवता येतो.