लूव्हर्सवरच्या लाटा

बाणेरच्या एका टॉवरचं एलिव्हेशन (दर्शनी बाजू) रेंडर केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटोसारखं चित्र काढलं, की वरच्या मजल्यांच्या ॲल्युमिनियम लूव्हर्सवर (ओळीने लावलेल्या पट्ट्यांवर) लाटा उमटायच्या. खाली सगळं स्वच्छ, वर मात्र रेशमी साडीसारखी झळाळी. बिल्डरसाहेबांनी विचारलं, "हे डिझाइनमध्येच आहे का?" नाही हो, हा मॉअरे. पट्ट्या ५० मिमीच्या. लांबून एकेका पिक्सेलमध्ये एकीपेक्षा जास्त पट्ट्या कोंबल्या गेल्या की पट्ट्या आणि पिक्सेल यांचा मेळ बसत नाही आणि नसलेलीच नक्षी दिसायला लागते.

आधी इमेज १०० टक्के झूमवर बघावी. पुष्कळदा लाटा फाइलमध्ये नसतातच, स्क्रीनवर छोटी करून बघताना येतात. इथे होत्या. व्ही-रे या रेंडरच्या सॉफ्टवेअरमधला कॅटमल-रॉम फिल्टर कडा धारदार करतो, पण अशा जागी ते आगीत तेल. म्हणून त्याऐवजी कडा मऊ ठेवणारा एरिया फिल्टर लावला. टेरेसच्या टाइल्सच्या बिटमॅपचा (टाइल्सवर चढवलेल्या चित्राचा) ब्लर, म्हणजे धूसरपणा, ०.०१ वरून १ केला. (हा ०.०१ सगळ्यांच्या माथी कुणी मारला, देव जाणे.) तरी सगळ्यात वर थोडं उरलंच. मग दुप्पट रिझोल्यूशनला रेंडर करून फोटोशॉपमध्ये निम्मं केलं. पिक्सेल चौपट, त्यामुळे मशीन रात्रभर चालू. वीजबिल ऑफिसचं.