खुलभर दूध आणि टेलिस्क्रीन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचनालयातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीला नवं कुणी आलं की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. ‘तुम्ही चातुर्मासाच्या कहाण्या गोळा करता आणि इथे आम्हाला ऑर्वेल, ॲटवुड असली भयाण भविष्यं वाचायला लावता. याचा त्याला मेळ काय?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा उत्तर तयार असतं: कहाण्या भाबड्या, कादंबऱ्या हुशार. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आज जरा बैजवार.

आधी कहाणी, कारण निम्म्या लोकांनी तिचं फक्त नाव ऐकलेलं असतं. श्रावणी सोमवारची, खुलभर दुधाची. आटपाट नगर होतं. तिथला राजा मोठा शिवभक्त. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. प्रधानानं युक्ती काढली, दवंडी पिटवली, सोमवारी गावातलं सगळं दूध देवळात आणावं. लोकांना धाक पडला. कुणी घरात थेंब ठेवला नाही, वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही. एवढं दूध ओतलं तरी गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरचं कामधाम आटोपून, लेकरांना खाऊपिऊ घालून, सुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांचं बघून मग निघालेली. हातात गंधफूल, बेलाची दोन पानं, चार तांदूळ आणि खुलभर दूध. म्हणजे लहानशा भांड्यात मावेल इतकंच. ‘राजानं एवढं केलं तरी तुझा गाभारा भरला नाही, माझ्या एवढ्याशानं काय भरणार? तरी भक्तीनं वाहते,’ म्हणाली. ती पाठमोरी झाली आणि गाभारा भरला.

पुढच्या सोमवारी पहारे बसले, शोध लागेना. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसला आणि त्यानं म्हातारीचा हात धरला. ती घाबरली. राजानं अभय दिलं तेव्हा कुठे बोलली: तुझ्या आज्ञेनं वासरं तळमळली, पोरं तळमळली, मोठ्यांची हाय हाय झाली, ते देवाला आवडलं नाही.

आता यात भाबडं काय आहे ते मला सांगा. वरून आलेला भव्य संकल्प, त्यासाठी घरोघर रिकामी झालेली भांडी, आणि काम फसलं तरी ‘का फसलं’ हे विचारायची कुणाची छाती नाही. 1932-33 साली युक्रेनमध्ये सोव्हिएत सरकारच्या धान्यवसुलीचे आकडे पुरे करायला घराघरांतून दाणे उचलून नेले आणि लाखो माणसं उपाशी मेली. तिथल्या खेड्यात ही कहाणी कुणाला समजावून द्यावी लागली नसती.

माझ्या आजीला ती तोंडपाठ होती. मी नुकती वाचायला लागले होते, तेव्हा चातुर्मासाचं पुस्तक मांडीवर घेऊन तिच्या ओळी तपासत बसायचे. पुस्तकातली म्हातारी चार वाक्यांत आवरतं घेते. आजीची म्हातारी थांबायलाच तयार नसे. ‘तुझ्या राणीच्या पोराला पेलाभर मागं ठेवलंस की नाही, ते आधी बोल!’ मी ओरडले, ‘आजी, हे पुस्तकात नाही.’ आजीनं मुठीतल्या अक्षता सावरल्या आणि म्हणाली, ‘छापणारा होता का गं तिथं?’

मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ (1985) वाचताना मला ते मांडीवरचं पुस्तक आठवलं. गिलियड नावाच्या त्या राज्यात बायकांना वाचायची बंदी. बायबल कुलूपबंद, कुलूप उघडणार आणि वाचणार तो घरचा पुरुष. तो बायबलातल्या राहेलची गोष्ट वाचतो, मूल होईना म्हणून तिनं आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली ती, आणि त्या एका गोष्टीच्या आधारावर तरुण बायकांना दुसऱ्यांसाठी पोरं जन्माला घालायला लावतात. शिकवणीच्या केंद्रात जेवणाच्या वेळी त्यांना पुरुषी आवाजात ध्वनिमुद्रित वचनं ऐकवतात. त्यात मध्येच एक, ‘जे मौन पाळतात ते धन्य.’ नायिकेला पक्कं ठाऊक असतं की हे मागाहून घुसडलेलं आहे. पण पडताळणार कुठे? मला सहा वर्षांची असताना जे करता येत होतं, ते तिला येत नाही.

म्हणून हुकूमशहांना गोष्टींचं वावडं असतं असं कुणी म्हणालं की मी मान हलवते. त्यांना गोष्ट हवीच असते. मात्र एकच, आणि तिची किल्ली आपल्या कनवटीला. त्यांच्या पोटात दुखतं ते ‘आमच्याकडे हे जरा वेगळं सांगतात’ या वाक्यानं. ऑर्वेलच्या ‘1984’ या कादंबरीत एकाच पक्षाची हुकूमत आहे आणि त्यातला विन्स्टन तर नोकरी म्हणूनच पुराणं रचतो. मर्जीतून उतरलेल्या एका माणसाचं नाव जुन्या भाषणातून पुसायचं असतं, तेव्हा तो त्या जागी कॉम्रेड ओगिल्वी नावाचा वीर बसल्या जागी तयार करतो: तीन वर्षांचा असताना ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टर सोडून इतर खेळण्यांना हात न लावणारा, अकराव्या वर्षी स्वतःच्या काकाची चुगली करणारा, तेविसाव्या वर्षी हुतात्मा. विन्स्टनला त्यात थोडी मजाही वाटते, आणि मला त्या पानाची जास्त भीती याच कारणानं वाटते. लिहिणाऱ्याला रंगत चढली की खोटं किती सहज वठतं!

बैठकीत कुणीतरी लगेच म्हणतं, मग आजीच्या कहाण्या जपल्या की झालं. ऑर्वेल इतक्या स्वस्तात सोडत नाही. विन्स्टन लंडनच्या चर्चमधल्या घंटांचं एक जुनं बडबडगीत तुकड्यातुकड्यानं जमवतो. सुरुवात जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडून. थोडं त्याच्या प्रेयसीला, ज्युलियाला येत असतं, तिच्या आजोबांनी शिकवलेलं. ती आठ वर्षांची असताना ते आजोबा नाहीसे केले गेले. एक ओळ ओब्रायन पुरवतो, ज्याला विन्स्टन आपल्यासारखाच बंडखोर समजतो. वाटतं, चला, पक्षाच्या हाताला न लागलेलं काहीतरी उरलंय. आणि पकडले जातात त्या क्षणी भिंतीवरच्या चित्रामागे लपवलेल्या टेलिस्क्रीनमधून, म्हणजे माणसांवर पाळत ठेवणाऱ्या पडद्यातून, आवाज येतो, तो शेवटची ओळ म्हणतो, डोकं उडवण्याची. दुकानदार पोलिसांचाच, ओब्रायनही पक्षाचाच. लोकगीताचं आमिष केलेलं. हे पान आलं की मी पुस्तक मिटून चहाला उठते, खरं सांगते.

आपल्या कहाण्याही सगळ्याच म्हातारीच्या बाजूच्या नाहीत. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नाव अदृश्य होते. त्या धाकानं मी कितीतरी परक्या घरी, पोट भरलेलं असताना, शिऱ्याच्या द्रोणासाठी ताटकळले आहे.

पण घरात पाठ केलेलं तगून राहतं, असंही घडलंय. 1938 साली रशियन कवयित्री ॲना आख्मातोवाच्या मुलाला अटक झाली. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर ती सतरा महिने रांगांमध्ये उभी राहत होती. एकदा कुणीतरी तिला ओळखलं, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईनं तिच्या कानात विचारलं, ‘हे तुम्ही लिहू शकाल?’ ती म्हणाली, ‘हो.’ त्यातून ‘रेक्विएम’ ही दीर्घ कविता झाली, पण कागद घरात ठेवणं म्हणजे मरण. लिडिया चुकोव्स्काया या तिच्या मैत्रिणीनं पुढे लिहून ठेवलंय की आख्मातोवा मोठ्यानं हवापाण्याचं काहीतरी बोलत राही, तोवर चिटोऱ्यावर ओळी लिहून पुढे सरकवी. चुकोव्स्काया त्या पाठ करून चिटोरा परत देई आणि तो राखदाणीवर जाळला जाई. अशा काही डोक्यांमध्ये ती कविता राहिली. सोव्हिएत रशियात ती छापून आली 1987 साली, म्हणजे आख्मातोवा जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर.

गेल्या शनिवारी हे सगळं असंच सांगत होते. कोपऱ्यातल्या एक बाई, पहिल्यांदाच आलेल्या, हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडे म्हातारीला सुनाच नाहीत. ती एकटी असते आणि दूधही मागून आणलेलं असतं.’ शेजारच्या म्हणाल्या, ‘म्हणजे गायच नाही? मग वासराला पाजलं कुणी?’ त्यावर तिसऱ्या बोलल्या, मग आणखी एक. सात वाजले, शिपाईमामा किल्ल्या वाजवत दाराशी येऊन उभे राहिले, तरी वासराचा निकाल लागला नव्हता.