मांजरीच्या कानात बिल्ला नसतो

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आता तिमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांपैकी एकीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे. अशा घरासाठी मांजर निवडणे मला अवघड गेले नाही. तिच्या नावाचा केसपेपर काढणे मात्र फार जड गेले आणि तो राग अजून मनातून उतरलेला नाही.

नागपुरातून पर्शियन पिल्लू आणावे, असा मुलांचा आग्रह होता. परंतु चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वास घेणे मुळातच कठीण जाते, लांब केस रोज विंचरावे लागतात, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांपुढे असताना वीज गेली की कूलरही बंद पडतो. म्हणून आखूड केसांची देशी मांजरच घ्यायची, हे मी ठरवले. अर्थात देशी म्हणजे कोणतीही चालते असे नाही. कोठ्यात उंदरांवर वाढलेले मांजर बंद दाराआड रात्रभर ओरडते. नणंदेच्या घरी माणसांच्या वावरात वाढलेली पिल्ले होती. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मुद्दाम स्टीलची वाटी पाडली. एक पिल्लू कणगीमागे गेले ते बाहेर आलेच नाही. करड्या पट्ट्यांची पिल्ली दचकून पळाली खरी, पण लगेच परतून वाटी हुंगू लागली. तिलाच निवडले. "वहिनी, दूध सुटलं, आता घेऊन जा," असे नणंद म्हणत होती, तरी तीन महिने पूर्ण होईपर्यंत मी तिला आईजवळच राहू दिले, कारण किती जोराने चावावे याची मर्यादा पिल्लू आई व भावंडांकडून शिकते.

तीन महिने हे रेबीजच्या पहिल्या लसीचेही वय, आणि गाडी अडली ती तिथेच.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "बिल्ला नंबर सांगा." गायी-म्हशींच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि त्याशिवाय नोंद होणार नाही, असे कर्मचाऱ्याचे म्हणणे. मांजरांना बिल्ला मारत नाहीत, असे मी सांगताच त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते. शेवटी 'इतर' हाही रकाना होता आणि तो पानभर कोरा होता. त्यात लिहा, ही माझी विनंती "साहेब आल्यावर पाहू" म्हणून टोलवली गेली. साहेब शिवारात अडलेल्या गाईकडे गेले होते, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. शेतकऱ्याचे घर त्या गाईवर चालते. उपचारासाठी जनावर अडकवतात त्या खोड्यात बैल हंबरत होता आणि मी टोपलीवर ओला पंचा टाकून कडुनिंबाखाली बसून होते. पुढच्या खेपेस उत्तर बदलले: लसीची कुपी अनेक मात्रांची आहे, एका मांजरीसाठी फोडता येणार नाही. मांजरीच्या चाव्यानेही माणसाला रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस क्वचितच वाचतो, हे ज्या भिंतीवरील फलकावर लिहिले होते, त्याच भिंतीच्या खिडकीतून मला परत पाठवले जात होते.

शेवटी डॉक्टर स्वतः भेटले. त्यांनी एक शब्दही न विचारता 'इतर'खाली 'मांजर, मादी' असे लिहिले, लस टोचली आणि कार्डावर पुढची तारीख घातली. त्या रकान्यातील पहिली नोंद आमची आहे, याचा मला अभिमान वाटतो. तुमच्यावर ही वेळ आली तर थेट डॉक्टरांची वेळ विचारून जा, किंवा २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास चौकशी करा. तेव्हा अनेक ठिकाणी लसीकरण शिबिरे भरतात आणि कुपीचा प्रश्न उरत नाही.

मांजरांची तिहेरी लस आठव्या आठवड्यापासून देता येते, म्हणजे पिल्लू आईजवळ असतानाच तिची सोय पाहावी. आमच्याकडे ती मिळत नसल्याने नागपूरहून आणावी लागली; ती २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, मात्र गोठता कामा नये, म्हणून कुपी बर्फाला थेट न टेकवता कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवावी. नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात करून घ्यावी, नाहीतर माजावर आलेल्या मांजरीचे ओरडणे आणि बोक्याचे भिंतींवर मुतणे फ्लॅटमध्ये असह्य होते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात लहान प्राण्यांवर उपचार होतात, तिथे आधी विचारून घ्यावे. आणि गॅलरीला जाळी मांजर घरी येण्याआधीच बसवावी, कारण कबुतरामागे झेपावताना खाली किती मजले आहेत ते मांजर पाहत नाही.