तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींचीच शाळा कशाला?

लंडनमधल्या मुलींच्या एका खासगी शाळेत मी फिजिक्स शिकवते. वसतिगृह वगैरे नाही, सकाळी यायचं आणि संध्याकाळी घरी. इथली मराठी मंडळी भेटली की लेकीच्या शाळेचा विषय निघतोच. "एवढी फी भरून पोरींचीच शाळा कशाला? निकाल खरंच इतके चांगले लागतात का?" जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट बसल्यापासून तर हे जास्तच ऐकू येतं.

निकाल चांगले लागतात, पण त्याचं सगळं श्रेय शाळेला देऊ नका. अकराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा घेऊन आम्ही मुली निवडूनच घेतो. बहुतेकींच्या घरी पुस्तकं, शिकवणी, स्वतंत्र खोली, सगळं असतं. या पोरी कुठल्याही शाळेत घातल्या तरी मार्क पाडणारच. (आमच्या मुख्याध्यापिकांनी हे वाचलं तर माझी खैर नाही.)

मला फरक दिसतो तो प्रयोगशाळेत. आधी मी मुलामुलींच्या शाळेत होते. तिथं गटाला सर्किट जोडायला दिलं की वायरी मुलांच्या हातात आणि वही मुलीकडे, अक्षर चांगलं म्हणून! तसं कुणी ठरवत नसे, आपसूक व्हायचं. इथं वायरी हातात घ्यायला दुसरं आहेच कोण? परवा तेराचौदा वर्षांच्या दोघींनी करंट मोजणारा ॲमीटर बल्बला सिरीजमध्ये जोडण्याऐवजी पॅरलल जोडला. बल्ब विझला, पॉवर सप्लाय ट्रिप झाला. मी मुद्दाम गप्प बसले. पाचेक मिनिटं भांडून एकीनं शोधून काढलं की ॲमीटरचा रेझिस्टन्स नगण्य, त्यामुळे सगळा करंट बल्बला टाळून तिथूनच पळतो. मग ती दुसरीला असं काही समजावू लागली, जणू ओहमचा नियम तिनंच शोधून काढला होता.

हे फक्त माझ्या वर्गापुरतं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या इथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेनं 2012 मध्ये 2011 ची आकडेवारी मांडली होती. इंग्लंडमधल्या मुलामुलींच्या सरकारी शाळांपैकी 49 टक्के शाळांमधून एकही मुलगी पुढे ए-लेव्हलला (म्हणजे आपल्या बारावीला) फिजिक्सकडे वळली नव्हती. इथं सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, झाली की बहुतेकजण तीनच विषय ठेवतात, त्यामुळे तेव्हा सुटलेलं फिजिक्स सहसा कायमचं सुटतं.

मुलींच्या शाळा निघाल्याही त्यांना नीट शिकायला मिळावं म्हणूनच. फ्रान्सेस बस यांनी 1850 मध्ये नॉर्थ लंडन कॉलेजिएट ही मुलींची शाळा काढली, 1872 मध्ये मुलींच्या दिवसशाळांसाठी एक कंपनीच उभी राहिली. त्याआधी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला थोडं फ्रेंच, पियानो आणि भरतकाम आलं की शिक्षण झालं म्हणायचे. डीएनएची रचना उलगडायला जिच्या क्ष-किरण छायाचित्रांची मदत झाली, ती रोझलिंड फ्रँकलिन लंडनमधल्या सेंट पॉल्स गर्ल्स या मुलींच्या शाळेत शिकली, आणि तेव्हा मुलींना फिजिक्स-केमिस्ट्री नीट शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या. पुढे तिनं केंब्रिजला शिक्षण पुरं केलं, तरी केंब्रिज बायकांना पूर्ण पदवी 1948 पर्यंत देत नव्हतं.

आता दुसरी बाजू. आमच्या मुलींना चुकायची भारी धास्ती. आलेखाची रेघ जरा हलली की पान फाडून नवीन. बरोबर येईल याची खात्री नसेल तर उत्तराची जागा कोरी. हुशार मुली हुशार मुलींमध्येच बसवल्या की ही स्पर्धा वाढते, कमी होत नाही, आणि त्यावर शाळेनं कितीही व्याख्यानं ठेवली तरी फारसा उपयोग होत नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. ओपन डेला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, जा, चकचकीत नाट्यगृह बघण्यात वेळ घालवू नका. गेल्या वर्षी किती मुलींनी ए-लेव्हलला फिजिक्स घेतलं ते विचारा. आणि जवळची मुलामुलींची शाळा या प्रश्नाला चांगला आकडा सांगत असेल, तर खुशाल तिथं घाला आणि फीचे पैसे वाचवा.