शेवटच्या दारापर्यंत

बेळगाव जिल्ह्यातलं हिडकल धरण भरलं की ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची बातमी येते आणि मला रायबाग तालुक्यातला कालव्याचा तो फाटा आठवतो. तिथं मी पाटबंधाऱ्याचा सेक्शन ऑफिसर होतो. घटप्रभेचं पाणी हिडकलमधून नदीत सोडलं जातं, धुपदाळच्या जुन्या बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून डाव्या कालव्याला लागतं. धरणातलं पाणी मोजायला टीएमसी, कालव्यातलं क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी संपतो, हा हिशेब आम्हाला पाठच असायचा. वही कन्नडात लिहायची, बांधावर कन्नड आणि मराठी दोन्ही बोलायचं.

रब्बीच्या पाण्याची पाळी चालू होती. गहू ओंबीवर आलेला. एक बाई मूठभर वाळलेली रोपं घेऊन आल्या आणि माझ्या उघड्या वहीवर ठेवली.

"साहेब, वहीत पाणी आलंय म्हणता, मग माझ्या रानात का न्हाई?"

मी वही दाखवली. गेज, म्हणजे कालव्यातल्या पाण्याच्या उंचीचा आकडा, बरोबर होतं. त्या काही बोलल्या नाहीत, रोपं तिथंच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे कालव्याच्या काठानं चालत निघालो. फाट्याच्या तोंडाशी गेजपट्टी, त्यावर पाणी नेमकं हवं त्या खुणेला. पण त्याच्या पुढं अर्ध्या मैलावर गवत आणि झुडपं कालव्यात अशी माजलेली की पाणी तुंबून उलटं वर चढलं होतं. पट्टीवर उंची दिसत होती, वाहत मात्र त्याच्या निम्मंही नव्हतं. त्यात वरच्या बाजूला पाणी उपसायच्या चार मोटारी कालव्यात बुडवलेल्या, उसाला. पट्टीचा आकडा मी आठवडाभर फोनवरून घेत होतो, एकदाही चाललो नव्हतो. ती माझी चूक होती, आणि तिची किंमत त्या बाईंच्या गव्हानं मोजली.

मजूर लावून गवत काढलं. मोटारी काढायला लावल्या, त्यावर एका बड्या बागायतदाराचा साहेबांकडून फोन आला, तो मी ऐकून घेतला. आणि पाळी उलटी केली: आधी फाट्याच्या टोकाचं शेवटचं दार, मग त्याच्या वरचं, तोंडाशी असलेल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. वरची मंडळी चिडली. मला आजही तेच बरोबर वाटतं.

तिसऱ्या रात्री शेवटच्या दारावर कंदील घेऊन थांबलो होतो. साडेदहाच्या सुमाराला कोरड्या चारीत आधी पाचोळा सरकला, मग गढूळ फेस, मग पाणी. बाई पदर खोचून, खोरं घेऊन आधीच बांधावर उभ्या होत्या. अर्धा गहू तेवढाच वाचला.