आण्णांचं सोडियम

पाठीतलं पाणी तपासल्यावर आण्णांना मेंदूचा टीबी असल्याचं निदान झालं. गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू झाले, ताप उतरला, आण्णा नीट बोलायला लागले. आणि एका सकाळी मलाच विचारलं, "तू कुणाची गं, बाय?" आजार वाढला म्हणून आईनं डोळ्याला पदर लावला. रक्ताचा रिपोर्ट वेगळंच सांगत होता. सोडियम 118. हवं 135 ते 145.

तासगावहून आलेल्या काकांकडं उपाय तयार होता. "मीठच कमी झालंय न्हवं? मग मीठ-साखरेचं पाणी पाजा." मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं. मेंदूच्या संसर्गात सोडियम दोन तऱ्हांनी उतरतं. एक तर शरीर पाणी धरून ठेवतं, मग मीठ पातळ होतं. तिथं पाणी तोडायचं. नाहीतर मूत्रपिंडं मीठच लघवीवाटे सोडून देतात, त्यामागं पाणीही जातं. तिथं पाणी तोडलं तर पेशंट आणखी कोरडा पडतो. लघवीतलं सोडियम दोन्हीकडं जास्तच, त्यामुळं नुसत्या त्या तपासणीवर निकाल लागत नाही.

निकाल लागला तो कॉटला लटकवलेल्या कागदावर. तोंडानं किती, सलाईन किती, पिशवीत लघवी किती. लिहायचं आम्ही, बेरीज तपासायची सिस्टरनी. घेतलेल्यापेक्षा जाणारं कितीतरी जास्त भरलं. बीपी उतरलेला, जीभ कोरडी. म्हणजे मीठ वाहून चाललं होतं.

आयसीयूत पंपावर तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन लागलं, तेही थेंबाथेंबानं. भाऊ वैतागला, "एकदम का भरत नाही?" फार भराभर चढवलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते, सोडियमचा आकडा दिवसाला आठपेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही, असं उत्तर मिळालं. त्यासाठी सारखं रक्त काढून आण्णांचे हात काळेनिळे झाले.

पुढं मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी आली. तिनं पोटॅशियम उतरतं, म्हणून तेही तपासायचं. जेवणात मीठ वाढवायला सांगितलं. बीपीपायी इतकी वर्षं आळणी जेवलेल्या माणसाला डॉक्टरच लोणचं खा म्हणतायत! तेवढ्यावर आण्णा हसले.

टीबीच्या गोळ्या वर्षभर आहेत, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. उलट्या, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवून सोडियम बघायचं, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलंय. काकांनी तो कागद स्वतः वाचून घेतला.